हाली गेला, सावकार राहिला

१९४० च्या सुमाराला जालन्याहून देऊळगाव राजाच्या बालाजीला निघालेल्या माणसाला कनवटीचे पैसे बदलून घ्यावे लागत. अंतर वीसेक मैलांचे. दोन्हीकडे बोली जवळपास एकच, भाकरी ज्वारीचीच, सोयरीक तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पण जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानातले, औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते आणि देऊळगाव राजा इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात. इकडे चारमिनारची छाप असलेला हाली शिक्का चाले, तिकडे इंग्रज बादशहाच्या मुखवट्याचा कलदार. हालीचे कलदार करताना सराफ आपला बट्टा कापून घेई. परत आल्यावर उरलेल्या कलदाराचे हाली करताना पुन्हा बट्टा.

या दोन नाण्यांचा ठरलेला भाव होता ११६ रुपये १० आणे ८ पई हाली बरोबर १०० रुपये कलदार. आकडा अवघड दिसतो, पण त्याचा अर्थ साधा आहे: सात हालीला सहा कलदार. तो कुणाच्या लहरीने ठरलेला नव्हता. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात शंभरात ८२ भाग चांदी, कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात चांदी शंभरात जवळपास ९२ भाग. दोन्हींतली निखळ चांदी मोजली की गुणोत्तर सात-सहाच्या अगदी जवळ येते. जालन्याच्या मोंढ्यातला अडत्या हा हिशेब पाठ म्हणून दाखवी. मुंबईला कापूस विकून सहाशे कलदार हातात आले की वहीत सातशे हाली जमा व्हायचे, कारण शेतसारा हालीत भरायचा, मजुरी हालीत द्यायची आणि करोडगिरीच्या नाक्यावरची जकातही संस्थानच्या तिजोरीत जायची.

मुळात हा भाव स्थिर नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगभर चांदी उतरत गेली आणि १८९३ मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. त्यानंतर कलदारची किंमत चांदीपासून सुटली. हातांनी ठोकलेला जुना हाली मात्र चांदीबरोबरच हेलकावे खात राहिला. सुगीत नाण्याला मागणी वाढे, पावसाळ्यात पडे, आणि त्याप्रमाणे भाव हले. जॉर्ज कॅसन वॉकर हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबादचा अर्थकारभार पाहत होते. त्यांच्या काळात यंत्रावर पाडलेला चारमिनार रुपया आला आणि हालीचा भाव आवरला गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर एका छोट्या राज्याने आपले चलन मोठ्या शेजाऱ्याच्या चलनाशी बांधून घेतले. नेमक्या याच वेळी, १९०० साली, मनमाडहून औरंगाबाद, जालना करत हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली होती. जिनिंगच्या गिरण्या उभ्या राहत होत्या. ‘सोन्याचा पाळणा’ म्हणून मिरवणाऱ्या जालन्याच्या व्यापाराला स्थिर हुंडणावळीची फार गरज होती, आणि ती या सुधारणेने भागली.

पहिल्या महायुद्धाने पुन्हा गोंधळ उडवला. चांदी इतकी महागली की रुपया वितळवणे फायद्याचे ठरू लागले. इंग्रज सरकारने १९१७ च्या अखेरीला एक रुपयाची नोट काढली, अमेरिकेकडून चांदी आणली. हैदराबादने १९१८ मध्ये, म्हणजे १३२७ फसलीत, कागदी चलनाचा कायदा केला आणि दहा व शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. पुढच्या वर्षी एक आणि पाचच्या. संस्थानचा कारभार उर्दूत चाले, वरच्या शाळाही उर्दूच्या. नोटेवर मात्र रक्कम मराठी, तेलुगू आणि कानडीतही छापलेली असे. ज्या सरकारने रयतेच्या भाषेला कचेरीत जागा दिली नाही, त्याला तिचा विश्वास कमावण्यासाठी नोटेवर ती भाषा घ्यावीच लागली.

या नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीत छापल्या जात आणि बोटीने मुंबईला येत. २० मे १९२२ रोजी ‘इजिप्त’ नावाची बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. दहा लाख पौंडांहून अधिक किमतीच्या सोन्या-चांदीबरोबर निजामाच्या सही न झालेल्या नोटांचे गठ्ठेही तळाला गेले. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी ते वर काढले.

*

हैदराबादमध्ये हे चालले असताना लंडनमध्ये एक मराठी माणूस रुपयाचा प्रश्न मुळापासून तपासत होता. भीमराव आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. रुपयाचा पौंडाशी भाव किती, यापेक्षा त्या रुपयात देशात किती वस्तू येतात हे गरिबाच्या दृष्टीने महत्त्वाचे, असा त्यांचा आग्रह होता. १९२५ मध्ये भारतीय चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाने शिफारस केलेली मध्यवर्ती बँक बऱ्याच घासाघिशीनंतर १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक म्हणून उभी राहिली.

रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात एक कलम असे होते की तसे इतर देशांतल्या मध्यवर्ती बँकांच्या कायद्यांत सहसा सापडत नाही. शेतीकर्जाचा अभ्यास करणारे एक खाते आणि त्यासाठी जाणकार माणसे तिने कायमची बाळगलीच पाहिजेत, असे ते कलम सांगत होते. म्हणजे जन्मापासूनच या बँकेवर खेड्याकडे पाहण्याची सक्ती होती. १९४५ मध्ये चिंतामणराव देशमुख गव्हर्नर असताना संशोधन आणि सांख्यिकीचे स्वतंत्र खाते निघाले. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे देशमुख हे या पदावरचे पहिले भारतीय.

पण रिझर्व्ह बँकेची सत्ता जालन्यापर्यंत पोहोचत नव्हती. जालन्याची मध्यवर्ती बँक वेगळी होती.

ती म्हणजे हैदराबाद स्टेट बँक. १९४१ मध्ये कायद्याने स्थापन झालेली आणि ५ एप्रिल १९४२ पासून हैदराबादच्या गनफाउंड्री भागात कामाला लागलेली ही बँक उस्मानिया शिक्क्याचे, म्हणजे हालीचे, व्यवस्थापन करी, संस्थानचे कर्ज आणि खजिना सांभाळी, शिवाय नेहमीची बँक म्हणून ठेवीही घेई. निम्म्याहून थोडे अधिक भांडवल सरकारचे. संस्थानचे अर्थखाते ज्यांनी चालवले त्यांची पुढची वाटचाल पाहिली की काळाचे वळण ध्यानात येते. १९४२ पासून अर्थमंत्री असलेले गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. त्यांच्यानंतर आलेले झाहिद हुसेन पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. जालन्याच्या बाजारात ज्यांच्या सहीच्या नोटा फिरत होत्या, त्यांनीच थोड्या वर्षांत कराचीत नव्या देशाची मध्यवर्ती बँक उभी केली.

१९४७ च्या नोव्हेंबरात भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यावरची शाई वाळायच्या आत हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले: मौल्यवान धातू संस्थानाबाहेर नेण्यास मनाई, आणि भारतीय चलन संस्थानात कायदेशीर नाही. त्याच सुमारास संस्थानच्या गंगाजळीतले भारत सरकारचे वीस कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ देण्यात आले. दिल्लीने हे कराराचे उल्लंघन मानले आणि त्या रोख्यांचे हस्तांतर रोखले.

सीमेवरच्या गावांसाठी कलदारबंदी ही राजनीतीची बातमी नव्हती, रोजची अडचण होती. जालना, जाफराबाद, भोकरदन या तालुक्यांचा व्यापार वऱ्हाड-खानदेशाकडे तोंड करून चाललेला. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या सीमेवरच्या छावण्यांतून करोडगिरीचे नाके जाळले जात होते, निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे हल्ले वाढत होते, आणि त्यातच हातातले नाणे सीमेपलीकडे कामाचे की नाही याची शाश्वती संपली. १९४८ च्या जानेवारीत नांदेडकडच्या उमरी इथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा मुक्तिसैनिकांनी लुटली. त्यांनी नेमकी बँक निवडली, कारण निजामाच्या सत्तेची शीर त्या तिजोरीतून जाते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८. भारतीय फौजांपुढे पाच दिवसांत संस्थान संपले.

*

संस्थान पाच दिवसांत गेले. त्याचे चलन जायला आणखी अकरा वर्षे लागली. ही गोष्ट मराठवाड्याच्या मुक्तीच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते, आणि ती सांगितली जायला हवी. दिल्लीला मनात आणले असते तर एका हुकमाने हाली रद्द करता आला असता. तसे केले असते तर ज्याच्याजवळ मडक्यात पुरलेल्या शंभर हालींखेरीज काहीच नव्हते त्याचे हाल झाले असते, आणि ज्याची मुंबईत पेढी होती तो सहज निभावून गेला असता. हे टळले. जुना सात-सहाचा भाव तसाच ठेवून १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या शेजारी आणून बसवला. १ एप्रिल १९५० पासून संस्थानचे अर्थकारण केंद्राशी जोडले गेले. १९५१ मध्ये नवे हाली काढणे थांबले. जुन्या हालींना मात्र हळूहळू बाजारातून निघून जायला वेळ दिला गेला. शेवटच्या नोटांवर अर्थमंत्री डॉ. जी. एस. मेलकोटे यांची सही आहे. ते स्टेट काँग्रेसचे पुढारी. निजामाच्या चारमिनारखाली स्वातंत्र्यसैनिकाची सही, असा तो विलक्षण कागद आहे.

मधल्या काळात जालन्याच्या दुकानदाराची मात्र कसोटी लागली. गल्ल्यात हालीचे आणे आणि कलदारचे आणे दोन्ही होतेच. त्यात १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. त्याआधीच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्याची त्रिभागणी होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. १९५९ मध्ये हाली पुरता चलनातून बाद झाला तेव्हा ज्या राज्याचे ते नाणे होते ते राज्य नकाशावरून जाऊन तीन वर्षे होत आली होती. एवढे मोठे स्थित्यंतर, आणि त्यात चलनाची पळापळ, बँकेच्या दारात दंगल असे काही घडले नाही. सावकाश चालण्याचे हे श्रेय त्या वेळच्या अर्थखात्याला आणि रिझर्व्ह बँकेला द्यायला हवे.

नाणे बदलले. पण ते शेतकऱ्याच्या हातात कुणाकडून येत होते?

हा प्रश्न रिझर्व्ह बँकेने नेमक्या याच वर्षांत विचारला. १९५१ मध्ये तिने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी सुरू केली. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला, सनदी सेवेतले निःस्पृह आणि करड्या शिस्तीचे अधिकारी. सदस्यांत बी. वेंकटप्पय्या, सांख्यिकी सांभाळायला एन. एस. आर. शास्त्री, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. गाडगीळ हे कागदावरचे अर्थतज्ज्ञ नव्हते. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर ते प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करत होते, शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमताना किती पायपीट होते हे त्यांनी जवळून पाहिले होते.

पाहणीचा आवाका आजही थक्क करतो. देशभरातले ७५ जिल्हे, ६०० गावे, १,२७,३४३ कुटुंबे. हैदराबाद राज्यही त्यात होते. पाहणीची माणसे गावात जाऊन बसत, कर्ज किती, कुणाचे, कशासाठी, काय व्याजाने, फेडले कशातून, हे घरोघर विचारून मांडत. संगणक नव्हते, सगळी गणती हातांनी आणि यंत्रकार्डांवर. एखाद्या मध्यवर्ती बँकेने आपल्या चलनाच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत जाऊन पाहण्याचा इतका मोठा उद्योग त्या काळात दुसरीकडे झाल्याचे उदाहरण विरळाच.

१९५४ च्या डिसेंबरात अहवाल आला. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपये कर्जात धंदेवाईक सावकाराचे ४४.८ रुपये, शेती करणाऱ्या सावकाराचे २४.९, नातलगांचे १४.२, व्यापारी-अडत्यांचे ५.५. सरकारी तगाई ३.३. सहकारी संस्था, ज्यांचा कायदा होऊन पन्नास वर्षे झाली होती, त्यांच्याकडून ३.१. आणि व्यापारी बँका? शंभरात एक रुपयाही नाही, ०.९.

जालन्या-अंबडच्या माणसाला या आकड्यांत नवे काही नव्हते. पेरणीला बी नाही म्हणून सवाई-दिढीने धान्य उचलायचे, सुगीत ज्याच्याकडून उचलले त्याच्याच मापाने परत करायचे, आणि कापूसही त्यालाच घालायचा, ही साखळी इथल्या प्रत्येक गावाने भोगलेली. नवी गोष्ट होती ती समितीने काढलेला निष्कर्ष. शेतकरी अडाणी आहे, उधळ्या आहे, म्हणून सहकार फसला, असे तोवर बहुतेक अहवाल म्हणत आले होते. गोरवाला समितीने दोष तिथे ठेवला नाही. गावातला सावकार आणि शहरातला व्यापारी एकमेकांशी बांधलेले आहेत, बँका आणि सरकारी यंत्रणा त्यांच्याच बाजूला कललेली आहे. अशा बाजारात दुबळ्यांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या सोसायटीला टिकाव कसा लागणार, असा तिचा सवाल होता. म्हणून सरकारने स्वतः सहकारी संस्थांत भागीदार व्हावे, कर्ज, विक्री आणि गोदामे यांची सांगड घालावी आणि इंपीरियल बँकेसह संस्थानांच्या जुन्या बँका एकत्र आणून खेड्यांपर्यंत जाणारी एक मोठी बँक उभी करावी, अशा शिफारशी तिने केल्या.

अहवाल येऊन वर्षही झाले नव्हते, तोच १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढण्याची जबाबदारी तिच्यावर आली. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुखच. हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःकडे घेतली, तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले, आणि १ ऑक्टोबर १९५९ पासून ती स्टेट बँकेची उपबँक झाली. हाली संपला त्याच वर्षी हाली सांभाळणारी बँकही देशाच्या जाळ्यात विणली गेली. संशोधनाचा अहवाल इतक्या झपाट्याने कायद्यात उतरल्याची उदाहरणे आपल्याकडे फार थोडी.

गाडगीळ इथेच थांबले नाहीत. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून बँकांनी नियोजन करावे असे सुचवले. त्यातून अग्रणी बँक योजना निघाली. १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतून परतूर काढून जालना जिल्हा झाला, तेव्हा त्याची अग्रणी बँक ठरली बँक ऑफ महाराष्ट्र. तोवर जालन्याची ओळख कापसाबरोबर बियाण्यांचीही झाली होती. मुक्तिलढ्यात तुरुंगवास भोगलेले बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली होती. संकरित बियाण्याला खत लागते, पाणी लागते आणि दरवर्षी रोख पैसा लागतो. कर्जाची भूक त्याने वाढवली.

आकडे काय सांगतात? देशातल्या शेतकरी कुटुंबांच्या कर्जात बँका, सोसायट्या आणि सरकार यांचा मिळून वाटा १९५१ मध्ये ७.३ टक्के होता. १९९१ पर्यंत तो सुमारे ६६ टक्क्यांवर गेला. चाळीस वर्षांत एवढा बदल हे त्या पाहणीचे मोठे यश आहे, आणि ते मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल. पण २००२ च्या पाहणीत तो ६१ टक्क्यांवर घसरलेला दिसला. मराठवाड्यात अनेक जिल्हा सहकारी बँका दुबळ्या राहिल्या. सरकारच्या भागीदारीबरोबर राजकारणही संचालक मंडळात येऊन बसले, आणि गोरवाला समितीने या धोक्याचा अंदाज कमी केला, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे. महाराष्ट्राला २०१४ मध्ये सावकारी नियमनाचा नवा कायदा करावा लागला, अहवालानंतर साठ वर्षांनी. हाली अकरा वर्षांत नीट घालवता आला. सावकाराच्या वहीतून शेतकऱ्याचे नाव काढण्याचे काम अजून अर्धे आहे.

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली आणि निजामाच्या मध्यवर्ती बँकेचे उरलेले नावही गेले. रिझर्व्ह बँकेच्या पाहण्या ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. जालन्याच्या पेढ्यांवरच्या वह्यांचे तसे नाही. हाली-कलदारची हुंडणावळ, कापसाची अडत, पेरणीच्या वेळची उचल, दुष्काळातले व्याज हे सगळे ज्या रोजमेळांत आणि खतावण्यांत लिहिले आहे, त्या कुणाच्या माळ्यावर आहेत, कुणाच्या रद्दीत गेल्या. १९५१ ची पाहणी देशाचे चित्र देते. एका बाजारपेठेचे दिवसागणिक चित्र या वह्यांखेरीज कुठेही मिळणार नाही. ज्या घरांत अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीवाल्याला देऊ नयेत. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा शासनाच्या पुराभिलेखागाराला एकदा दाखवाव्यात.